सरू, त्या पुड्यांत काय होतं?

सरू, तुला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि तुझ्या दारात अजून बायका येताहेत. मी ओळखत नाही अशा, डोळे पुसत परत जाणाऱ्या. कल्याणच्या येतात, दिव्याच्या येतात, परवा एक खडवलीहून आली होती, कडेवर मूल आणि हातात परसातला भोपळा घेऊन. दाराला कुलूप बघून ती पायरीवरच बसली आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. ती पाणी पीत होती आणि मी तिच्या मुलाकडे बघत होते. दोन वर्षांचं असेल की अडीच? ही तुझ्याकडे कशाला आली असेल, बाळंत व्हायला की दुसऱ्या कशाला? आणि दुसऱ्या कशाला आली असेल, तर मग हे मूल कसं?

तू असतीस तर म्हणाली असतीस, "वच्छे, तू पोलिसात का नाही गं गेलीस नोकरीला?"

मला अजून नीट रडायला आलेलं नाही. तुला नेलं तेव्हा रडले, पण ते सगळ्यांबरोबर. एकटी असले की रडू यायच्या आधी तो एक प्रश्न आडवा येतो. सात वर्षं मी तो तुला विचारला. कधी सरळ, कधी टोमण्यातून, एकदा तर कडाडून भांडून. तू एकदाही उत्तर दिलं नाहीस आणि एके दिवशी ड्यूटीवरून येऊन, बूटसुद्धा न काढता, खाटेवर आडवी झालीस ती उठलीच नाहीस. तुझा मला फार राग आलाय, सरू. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं जे लिहीन ते तुला खरं वाटेल.

डोंबिवलीत तुझ्या मामांच्या त्या बैठ्या खोल्यांत आम्ही राहायला आलो, तेव्हा पहिला संशय मी तुझाच घेतला होता. भातखाचरांच्या कडेला मामांनी चार खोल्या बांधल्या होत्या. तीन आम्हा कोकणातून आलेल्या बिऱ्हाडांना भाड्याने दिलेल्या आणि टोकाची तुला, भाचीला. तू कोलशेतची, आगऱ्यांची. नवरा लहानपणीच गेलेला, मग कुणीतरी शहाण्या माणसाने नर्सिंगला घातलेलं, आता कल्याणच्या बाळंतिणींच्या दवाखान्यात नोकरी. पांढरं पातळ, पायात काळे बूट, आणि चालणं असं की गाडी सुटतेय. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तुझ्याकडे बघून मान हलवली आणि मला हळूच म्हणाल्या, "मालकाची भाची पडली. बोलायची सोय नाही."

पण बोलणं झालंच, आणि झालं ते मागच्या पडवीवरून. चारही बिऱ्हाडांना ती पडवी सामाईक होती, आणि ज्या बाईला कावळा शिवला तिने तीन दिवस तिथे कांबळ्यावर बसायचं, हा सगळ्यांचा नेम. वेगळा तांब्या, वेगळं ताट, पाणी वरून ओतायचं. तू मात्र बसायची नाहीस. सासूबाईंनी एकदा तोंडावर विचारलं, तेव्हा तू बुटाची नाडी बांधता बांधता म्हणालीस, "काकू, तिकडे एखादी दोन दिवस अडलेली असते. तिला काय सांगू, मला कावळा शिवलाय, तू परवा बाळंत हो?" त्या दिवसापासून आमची कळशी ताटलीखाली झाकून राहायला लागली. मी त्यांच्याच बाजूची होते. मला तू आगाऊ वाटायचीस.

त्या पडवीमुळे कोण कधी बसली हे चौघींनाही तोंडपाठ असायचं. कुणाची तारीख चार दिवस पुढे गेली की एकमेकींच्या नजरा फिरायच्या. आठ दिवस गेले की कुणीतरी लोणच्याची फोड वाटीत घालून न्यायची, खाते का ते बघायला. त्यात मी सगळ्यांत पटाईत. माझ्या तारखांपेक्षा मला दुसऱ्यांच्या जास्त लक्षात राहायच्या. तू मला त्यावरून चिडवायचीस, आणि मला त्या चिडवण्याचा अभिमानसुद्धा वाटायचा.

आपलं पहिलं खरं भांडण आठवतं? आपण दोघी पडवीत तांदूळ निवडत होतो. दिव्याच्या एका बाईला त्या दिवशी तुमच्या दवाखान्यात आणलं होतं. चार मुलं होती, पाचवं नको म्हणून कुठल्याशा सुइणीकडून पोट पाडून घेतलं आणि तुमच्यापर्यंत पोचेतो तिच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. तू हे सांगत होतीस आणि तुझे हात थांबले होते. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "आपण केलेलं आपण निस्तरायचं. पोटातल्या जिवाचा त्यात काय गुन्हा?"

"पोटातला गेलाच," तू म्हणालीस. "आणि बाहेरचे चार आता पोरके झाले. त्यांचं कोण बघणार? तू?"

"मी का? माझी काय जबाबदारी?"

"मग तिची एकटीची कशी?"

मी म्हणाले, समाजाने काहीतरी करायला हवं. आश्रम काढावेत, बायकांना शिकवावं, सुइणींना तुरुंगात घालावं. तेव्हा नुकतंच स्वराज्य आलं होतं आणि सगळ्याच गोष्टी आता कुणीतरी करणार आहे असं आम्हाला वाटत होतं. तू सुपातले खडे बाहेर टाकलेस आणि विचारलंस, "हा समाज राहतो कुठे गं? मला तरी दुसरीकडे कुठे भेटला नाही. ह्याच पडवीत बसलेला असतो. तू, मी, तुझी सासू."

मला ते लागलं. मी सूप उचललं आणि आत गेले. दोन दिवस आपण बोललो नाही.

त्यानंतर वर्षभराने माझ्यावरच वेळ आली. दोन मुलगे होते. धाकट्याच्या वेळी मी दोन दिवस अडले होते आणि वाचले हेच नवल. पण खरं कारण ते नव्हतं आणि तू ते ओळखलंस. ठाण्याच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव यादीत लागलं होतं. मी, सातवी पास होऊन लग्न झालेली बाई, वर्षभराने शाळेत शिकवणार होते. पोटुशी बाई त्या वर्गात चालत नसे, तसा नियमच होता. आमचे हे आषाढाच्या सुरुवातीला रेल्वेच्या कामावर भुसावळला गेले आणि आठवड्याभरात माझी तारीख चुकली. पहिले चार दिवस मी स्वतःलाच खोटं सांगितलं. पाचव्या दिवशी दुपारी सासूबाई निजल्या होत्या तेव्हा तुझ्या खोलीत आले.

तू स्टोव्हवर चहा ठेवला होतास. मी उभ्यानेच म्हणाले, "मला नकोय."

तू काय नकोय हे विचारलं नाहीस. "त्यांना कळवलंस?"

"काय कळवायचं? ते म्हणतील, देवाने दिलंय."

"आणि सासूबाईंना?"

मी हसले. मग रडले. तू चहा गाळलास, मला दिलास. तू आता मला दिव्याच्या बाईची आठवण करून देशील, म्हणून मी वाट बघत होते. माझेच शब्द माझ्या पुढ्यात टाकशील, आणि मी ते खाली मान घालून ऐकून घेईन, अशी तयारी करून आले होते. तू तो विषयच काढला नाहीस. मला त्याचाही संशय आला.

तू कपाटाकडे पाठ करून उभी राहिलीस आणि थोड्या वेळाने वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या सात पुड्या माझ्या हातावर ठेवल्यास. "रोज सकाळी एक, अनशापोटी. आठव्या दिवशी माझ्याकडे ये. आणि हे बघ, कुणाला म्हणजे कुणाला कळायला नको. माझी नोकरी जाईल आणि दोघींना बेड्या पडतील. तुझी तारीख उलटून गेलीय, काकू मोजत असतील. आजच पडवीत जाऊन बस."

मी बसले. खोटी बसले. सरू, असल्या पडवीत खोटं बसणं किती कठीण असतं हे बसणारीलाच कळतं. तीन दिवस कांबळ्यावर, वरून पाणी घेत, आणि सगळ्यांच्या नजरा चुकवत. धुवायला काही नव्हतं, तरी पहाटेस उठून विहिरीवर कोरी फडकी धुतली आणि वाळत घातली. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "चार दिवस उशीर झाला हो ह्या खेपेस." म्हणजे त्या मोजतच होत्या.

पुड्या संपल्या आणि काही झालं नाही. आठवा दिवस आला आणि गेला. मी तुझ्याकडे आले नाही. श्रावणात मी पुन्हा खोटी बसले. भाद्रपदात ओकाऱ्या लपेनात आणि ठाण्याला मी चार ओळींचं पत्र पाठवून दिलं, घरच्या अडचणीमुळे येता येत नाही म्हणून. ते पत्र पेटीत टाकून परत येताना तू वाटेत भेटलीस. तू थांबलीस. मी मान वळवून पुढे गेले.

आणि मग जो घोळ झाला तो कुणा सुशिक्षित माणसाला सांगितला तर त्याला हसू येईल. सासूबाईंना माझ्या ओकाऱ्या कळल्या, त्या खूश व्हायच्या ऐवजी पांढऱ्याफटक पडल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. सून श्रावणात पडवीत बसलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. मुलगा आषाढापासून भुसावळला. मग हे आलं कुठून? माझ्या खोट्या बसण्याने मी पोटातलं मूल लपवायला गेले आणि त्याच्या बापालाच लपवून बसले. दोन दिवस त्या माझ्या हातचं जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पडवीत, तिन्ही बिऱ्हाडांच्या बायका असताना, म्हणाल्या, "अगो, आमच्या अण्णाला मी आता काय तोंडाने कळवू?"

मी भिंतीला धरून उभी होते. खरं सांगायचं तर पुड्या सांगाव्या लागणार, आणि न सांगावं तर ही अब्रू गेली.

तू ड्यूटीवर निघाली होतीस. पडवीच्या कडेला उभी राहिलीस, पिशवी खांद्यावर तशीच, आणि इतक्या शांतपणे बोललीस की जणू तापाचं सांगते आहेस. "काकू, किती तरी बायांना दिवस गेल्यावरही दोन-दोन महिने दिसतं. आमच्याकडे अशा कितीक येतात. वच्छीला दिवस गेले ते जेठात, तुमचा अण्णा इथं असताना. फाल्गुनात मूल होईल, नऊ भरून, गुटगुटीत. झालं नाही तर मला ह्या पडवीत पाय ठेवू देऊ नका."

"पण ती बसली ती…"

"बसली ते चांगलंच केलं की. दिसल्यावर बसायचं नाही तर काय?"

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग डोळ्यांना पदर लावला आणि उठून आत गेल्या, आणि जाताना, सरू, त्यांनी आमच्या कळशीवरची ताटली काढली आणि तुला म्हणाल्या, "उन्हाची चालली आहेस, पाणी पिऊन जा."

तू मला वाचवलंस. त्या दिवशी तू नसतीस तर मी कुठे गेले असते ते त्या विहिरीलाच ठाऊक. हे उपकार मी कधी तुला बोलून दाखवले नाहीत, कारण त्याच संध्याकाळी माझं संशयी डोकं कामाला लागलं. जी बाई इतकं सफाईने खोटं बोलू शकते, ती माझ्याशी किती खरं बोलली असेल? ज्या तोंडाने तू सासूबाईंना जेठ-आषाढ पटवून दिलास, त्याच तोंडाने मला "रोज एक, अनशापोटी" म्हणाली होतीस.

फाल्गुनात छबू झाली. दुपारची वेळ, तुझी सुटी, तूच होतीस हाताशी. अडले नाही, दोन तासांत मोकळी झाले. तू तिला पुसलंस, उलटी केलीस, बोटं मोजलीस, कान बघितलेस, तळव्यांना टिचकी मारलीस. आता मला माहीत आहे की सगळ्याच नर्सा असं बघतात. तेव्हा मी पडल्या पडल्या तुझा चेहरा वाचत होते आणि मला वाटत होतं, ही खोट शोधते आहे. आपल्या पुड्यांनी काय केलं ते बघते आहे.

दहाव्या दिवशी मी तुला पहिल्यांदा विचारलं. "त्या पुड्यांत काय होतं?"

तू छबूचं लंगोट बदलत होतीस. "तुला काय वाटतं?"

झालं. त्यानंतर सात वर्षं तुझं हेच उत्तर. आणि मी दोन दगडांवर पाय ठेवून उभी. पुड्यांत खरं औषध असलं, तर मी माझ्या पोरीला विष घालून पाहिलं आणि ते तू दिलंस. पुड्यांत काहीच नसलं, तर तू मला फसवलंस. माझं ट्रेनिंग, माझं शरीर, माझी हिंमत करून तुझ्या दारात येणं, सगळ्यावर तू तुझ्या मनाने बोळा फिरवलास. मी तुला दोन्हींबद्दल दोष देत असे, आज ह्याचा, उद्या त्याचा. कुठलाही एक नक्की झाला असता तर दुसरा सोडावा लागला असता, आणि मला कुठलाच सोडायचा नव्हता.

छबू दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकीना. शेजारच्या बायका "आमचासुद्धा उशिराच चालला" म्हणायच्या, पण त्यांचे डोळे निराळं बोलायचे. एके दिवशी तू तिला भिंतीला उभी करत होतीस आणि ती मटकन खाली बसली. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "तुझ्या पुड्यांचे गुण."

तुझा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता. तू छबूला माझ्याकडे दिलंस आणि निघून गेलीस. आठ-दहा दिवस आली नाहीस. मग आलीस ती हातात तिळाच्या तेलाची बाटली घेऊन, आणि रोज, ड्यूटीच्या आधी, ऊन उतरलेल्या पायरीवर बसून तिच्या पोटऱ्या चोळायला लागलीस. दोन महिने. ती चालायला लागली, पळायला लागली, आता तर मामांच्या आंब्यावर चढते. मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला वाटलं, मनात पाप असल्याशिवाय कुणी इतकं करत नाही.

आणि ट्रेनिंग. छबू तिसऱ्या वर्षात असताना माझं नाव पुन्हा लागलं. सासूबाई म्हणाल्या, मला आता झेपत नाही. तू तुमच्या मेट्रनला सांगून दुपारची पाळी मागून घेतलीस आणि म्हणालीस, सकाळभर ती माझ्याकडे. मी ठाण्याहून परत येईपर्यंत तुझ्या खोलीत तिचं न्हाणं, जेवण, बाराखडी. मी येताना दिसले की तू पायात बूट घालून तयार. वर्षभर तू एक दिवस खाडा केला नाहीस. मी आज पोरांना शिकवते ते तुझ्यामुळे. तुला शाळेत नेऊन माझा वर्ग दाखवायचा राहिला.

पण तेव्हाही मी तुला सुखाने राहू दिलं नाही. मी ट्रेनिंगमध्ये चार पुस्तकं वाचली होती, मला शब्द मिळाले होते. एका रविवारी मी तुझ्याशी वाद घातला. म्हटलं, बाईने काय करायचं ते बाईने ठरवावं. कायद्याने मध्ये पडू नये, सासूने पडू नये आणि नर्सनेही पडू नये.

तू म्हणालीस, "मला मान्य आहे. पण त्या दुपारी माझ्या खोलीत 'मला नकोय' असं म्हणणारी कोण होती? तू किती होतीस आणि ट्रेनिंगवाले किती होते? पोटुशी वर्गात चालत नाही, हा नियम तू केला होतास? काकूंची भीती तू घातली होतीस स्वतःला? हे सगळं वजा केल्यावर जे राहील ते तुझं. तेवढं राहू दे की बाईला, मग ती काय ठरवायचं ते ठरवेल."

"आणि ते वजा होईपर्यंत पोट थांबतं का? तू कोण ठरवणारी?"

"मी कुठे काय ठरवलं?" असं म्हणून तू हसलीस. मला तुझं ते हसणं अजिबात आवडलं नाही. वाद तिथेच राहिला. मला वाटायचं, पुढे कधीतरी पुरा करू.

काल तुमच्या दवाखान्यातली आया आली होती, चांगुणा. तुझ्याच गावची, कोलशेतची. मामांकडे जाऊन आली आणि मग माझ्या पायरीवर टेकली. मी तिला चहा दिला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग, माझ्या स्वभावाला जागून, आडून विचारलं. म्हटलं, सरू कधी कधी बायांना पुड्या द्यायची ना?

चांगुणाने चहा बशीत ओतला. "दियाची की. आता ती गेली, आता कोन पकरतंय तिला. पिठीसाखर आन् सुंठ. मीच तर कुटून दियाची. औषिद कसला त्यात, बाय?"

"सगळ्यांना तेच?"

"सगल्यांना तेच. सात दिस घे आन् आठव्या दिशी ये, असं सांगाची. जी आली आठव्या दिशी परत, तिला मंग ती सोता डाक्टरांकडं नेयाची, मुंबयला. एक डाक्टरीण व्हती तिच्या वलखीची. रातपाली करून, सोताची रजा टाकून नेयाची. पन त्या सुइनींकडं कुनाला जाव देत नसं. त्या दिव्याच्या बायेपासनं तिनं ह्यो नेम धरला व्हता."

"आणि जी आली नाही?"

"जी नाय आली ती नाय आली." चांगुणाने बशी खाली ठेवली. "सरूबाय म्हनाची, सात दिस तिला कुनी इचारू नका. तिचं तिला कलू दे."

चांगुणा गेली. पहिल्यांदा संतापले. हे तू मला सांगायला हवं होतंस. "आठव्या दिवशी ये" म्हणजे काय, हे मला कसं कळणार होतं? एखाद्या बाईचं आयुष्य पणाला लागलेलं असताना तिच्या हातावर साखर ठेवायची, हा कुठला न्याय? तुझ्याकडे आठव्या दिवशी न आलेल्या सगळ्या बाया काय स्वतःच्या मनाने थांबल्या? कुणी घरच्या धाकाने आली नसेल, कुणी पुड्यांवर भरवसा ठेवून वाट बघत बसली असेल, कुणाचा नवरा दारात उभा असेल. त्यांचं काय, सरू? ह्याचं उत्तर तुझ्याकडे होतं असं मला वाटत नाही. तू चुकत होतीस काही ठिकाणी, आणि हे मी तुझ्या तोंडावर म्हणाले असते आणि आपण पुन्हा दोन दिवस बोललो नसतो. आता ते खडवलीच्या बाईचं मूल कुठून आलं, तेही मला कळलं. आणि ज्यांच्या कडेवर मूल नव्हतं, त्या का रडत होत्या तेही.

पण बाकीच्यांचं मी का सांगतेय? चांगुणाच्या तोंडून साखर हा शब्द आला तेव्हा मला धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही. आज सकाळपासून मी हे लिहितेय ते त्याच्यासाठी.

पहिल्या दिवशी, चुलीपाशी, सासूबाईंकडे पाठ करून मी पुडी जिभेवर उलटी केली, आणि ती गोड लागली. सुंठेने काही साखर झाकली जात नाही. माझ्या हातात पाण्याचं भांडं होतं. त्याच पावली तुझ्या खोलीत येऊन मला विचारता आलं असतं, ही काय थट्टा आहे? मी पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी दुसरी घेतली. सातही घेतल्या, एक न चुकता. आठव्या दिवशी तू दोनदा पडवीत येऊन उगाचच उभी राहिलीस, आणि मी आत कडी लावून बसले होते.

मला छबू हवी होती, असं आता म्हणाले तर ते खोटं होईल. तेव्हा मला ती नको होती. पण नको हे दुसऱ्यांदा तोंडाने म्हणायचा मला धीर नव्हता, आणि हवी म्हणायचा तर नव्हताच. म्हणून मी दोन्ही तुझ्यावर टाकलं. तू ते सात वर्षं मुकाट्याने वागवलंस. छबू चालत नव्हती तेव्हा तुझ्यावर जे बोलले, ते साखर होती हे ठाऊक असताना बोलले, सरू. तुला एका शब्दात मला गप्प करता आलं असतं. तू तेल घेऊन आलीस.

दर वेळी तू मला तेच विचारायचीस, तुला काय वाटतं. मी कधी उत्तर दिलं नाही.

साखर होती, सरू. मला पहिल्याच पुडीला कळलं होतं.